वेदीच्या अलीकडची माणसं: एपिस्कोपल चर्चमध्ये सामान्य सभासदांनी जबाबदारी घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नगरची. न्यू जर्सीत आले त्याला आता बरीच वर्षं झाली. इथल्या एपिस्कोपल चर्चमध्ये आधी उपासनेनंतरची कॉफी केली, मग व्हेस्ट्रीवर, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, निवडून आले, मग वॉर्डन म्हणजे तिथली प्रमुख पदाधिकारी झाले. तेव्हापासून नगर, पुणे, नागपूर, वसईकडून अमेरिकेत आलेले आपले लोक फोन करतात, मेसेज टाकतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एक आधीच सांगते: संपूर्ण चर्चचे कॅनन म्हणजे कायदे एक असले, तरी प्रत्येक डायसिसचे (एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रांत) स्वतःचे कॅनन असतात आणि प्रत्येक पॅरिशचे (स्थानिक मंडळी) उपनियम. त्यामुळे 'ताईंनी असं लिहिलंय' म्हणून सभेत भांडू नका. ऑफिसातून उपनियमांची प्रत मागून घ्या.

1. एपिस्कोपल म्हणजे नेमकं कोणतं चर्च? आपल्या सीएनआयचं आणि त्याचं काही नातं आहे का?

आहे. अमेरिका स्वतंत्र होईपर्यंत हे तिथलं चर्च ऑफ इंग्लंड होतं. स्वातंत्र्यानंतर राजाशी निष्ठा ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून 1789 साली फिलाडेल्फियात त्यांनी स्वतःची घटना आणि स्वतःचं प्रार्थना-पुस्तक मंजूर केलं. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालं. त्यात अँग्लिकनांबरोबर, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्यांबरोबर, इतरही मंडळ्या एकत्र आल्या. दोन्ही चर्च अँग्लिकन परिवारात आहेत आणि एकमेकांच्या प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाच्या संस्काराला) बसतात.

अमेरिकन मराठी मिशनच्या वळणात वाढलेल्या माझ्यासारख्या नगरकरांना इथले झगे, गुडघे टेकणं आणि मेणबत्त्या सुरुवातीला परक्या वाटतात. पण रविवारी उपासना संपल्यावर हॉलमध्ये जी सभा बसते, ती पाहिली की घरी आल्यासारखं वाटतं. तोच आवाज, तेच 'मागच्या सभेचं इतिवृत्त कुठाय?'

2. पाळक नसलेल्या माणसाला 'सेवक' म्हणतात ते नुसतं मान द्यायला का?

नाही. 1979 च्या प्रार्थना-पुस्तकातल्या प्रश्नोत्तरीत 'चर्चचे सेवक कोण?' असा प्रश्न आहे आणि उत्तराचा क्रम असा: सामान्य सभासद, बिशप, प्रीस्ट (दीक्षा घेतलेला पाळक) आणि डीकन (दीक्षा घेतलेला सेवक, पण प्रीस्ट नव्हे). सामान्य सभासद पहिले आहेत, कारण सेवेचा पाया बाप्तिस्मा आहे, दीक्षा (पाळकपदावर नेमण्याचा विधी) त्याच्या नंतर येते.

वसईकडचे कॅथलिक वाचक 'प्रापंचिक' म्हणतात, आपल्याकडे सरळ 'मंडळी' म्हणतात. शब्द कोणताही घ्या. पाळकांच्या हाताखालचा मदतनीस असा अर्थ मात्र घेऊ नका. काही कामं पाळकांची आहेत, काही मंडळीची आहेत, आणि मंडळीची कामं पाळकांनी परस्पर उरकली तर तेही नियमाला धरून नाही.

3. व्हेस्ट्री म्हणजे आपली पास्टोरेट कमिटीच ना?

दिसायला तशीच, अधिकारात बरीच वेगळी. हा फरक कळला नाही तर पुढची अर्धी उत्तरं कळणार नाहीत, म्हणून जरा मागून सांगते.

ब्रिटिश वसाहतींच्या सगळ्या काळात अमेरिकेत या चर्चचा एकही बिशप नव्हता. पहिले अमेरिकन बिशप सॅम्युएल सीबरी. त्यांची दीक्षा 1784 साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला झाली, कारण इंग्लंडमध्ये राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागली असती. मग त्याआधी दीडशे वर्षं चर्च कोणी चालवलं? व्हर्जिनियात ते बारा-बारा जमीनदारांच्या व्हेस्ट्रीने चालवलं. त्या कर बसवायच्या (तोही तंबाखूच्या रूपात), गरिबांची सोय बघायच्या, पाळक ठेवायच्या. जॉर्ज वॉशिंग्टन 1762 साली ट्रुरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर निवडून आले होते. त्या व्हेस्ट्रीत गुलाम बाळगणारे बडे लोकच असत, त्यामुळे तिला लोकशाहीचा आदर्श वगैरे म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण सवय पडली ती पडली. 1782 मध्ये फिलाडेल्फियाचे पाळक विल्यम व्हाइट यांनी एक पुस्तिका लिहून चर्चच्या कारभारात सामान्य सभासद बसलेच पाहिजेत असा आग्रह धरला, आणि घटनेत ते आलं.

आजचा कॅनन व्हेस्ट्रीला दोन गोष्टींत पॅरिशचा कायदेशीर प्रतिनिधी मानतो: मालमत्ता, आणि पॅरिशचे पाळकांशी संबंध. दुसरी गोष्ट आपल्याला नवी आहे. सीएनआयमध्ये पाळकांची बदली डायसिसकडून येते, आपण हार घालून स्वागत करतो. इथे रेक्टर, म्हणजे पॅरिशचा प्रमुख पाळक, कोण हवा ते पॅरिशची व्हेस्ट्री निवडते (प्रश्न 11 पाहा).

सभेचं अध्यक्षपद मात्र रेक्टरकडे, किंवा त्यांनी नेमलेल्या व्हेस्ट्री-सदस्याकडे असतं. आणि तुमचं चर्च 'पॅरिश' नसून 'मिशन' असेल, म्हणजे स्वतःच्या खर्चावर उभं नसेल, तर तिथले पाळक सहसा बिशप नेमतात आणि कमिटीचे अधिकारही कमी असतात. तुमचं चर्च कोणत्या प्रकारात बसतं ते आधी विचारून घ्या.

4. सीनियर वॉर्डन आणि ज्युनियर वॉर्डन यांत मोठा कोण?

वयाचा संबंध नाही. जुन्या रिवाजाने सीनियर वॉर्डन रेक्टरांचा, ज्युनियर वॉर्डन लोकांचा. बऱ्याच ठिकाणी सीनियरला रेक्टर नेमतात आणि ज्युनियरला मंडळी निवडते, काही ठिकाणी दोघंही निवडून येतात. व्यवहारात सीनियरच्या वाट्याला माणसं येतात आणि ज्युनियरच्या वाट्याला इमारत: छप्पर, बॉयलर, बर्फ काढणं, तुंबलेलं संडास. मी आधी ज्युनियर होते. माणसांपेक्षा बॉयलर बरा, एवढंच सांगते.

5. व्हेस्ट्रीला उभं राहायचं तर काय लागतं? माझं दृढीकरण भारतात झालंय, ते चालेल का?

सोळा वर्षं पूर्ण झालेला, बाप्तिस्मा झालेला सभासद प्रौढ धरतात. वर्षात किमान तीनदा प्रभुभोजन घेतलं असेल तर तो 'कम्युनिकंट'. त्याशिवाय जो उपासनेला नियमित येतो आणि काम, प्रार्थना व दान यांत निष्ठा ठेवतो, तो 'गुड स्टँडिंग'मधला. व्हेस्ट्रीची संख्या, मुदत आणि मतदाराची पात्रता मात्र राज्याच्या आणि डायसिसच्या कायद्यावर सोडलेली आहे. पुष्कळ ठिकाणी तीन वर्षांची मुदत असते आणि दरवर्षी एक तृतीयांश सदस्य बदलतात.

दृढीकरणाचं (बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीचं) म्हणाल, तर बिशपने हात ठेवून केलेलं हवं, आणि तो बिशप पूर्ण सहभागितेतल्या (एकमेकांचे संस्कार आणि पाळक मान्य करणाऱ्या) चर्चचा असला तरी चालतो. सीएनआयचा चालतो. कॅथलिक असाल तर पुन्हा दृढीकरण होत नाही, बिशप तुमचा 'स्वीकार' करतात. गावाकडून येताना मंडळीचा दाखला आणि दृढीकरणाचं प्रमाणपत्र घेऊन या. माझ्या प्रमाणपत्रासाठी माझ्या भावाला तीन रविवार चर्च ऑफिसला खेटे घालावे लागले होते.

6. मी एच-वन व्हिसावर आहे. नागरिक नसताना निवडून येता येतं का?

सर्वसाधारण कॅनन नागरिकत्व विचारत नाही. उलट वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यावरून कोणालाही चर्चच्या उपासनेत वा कारभारात समान जागा नाकारता येणार नाही असं त्यात स्पष्ट आहे. व्हेस्ट्रीचं काम बिनपगारी असतं. चर्चकडून मानधन मिळणारं कोणतंही काम असेल, उदाहरणार्थ ऑर्गन वाजवणं, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. तिथे माझा शब्द उपयोगाचा नाही.

7. माझं इंग्रजी अडखळतं. मला काय करता येईल? आणि कशाला परवाना लागतो?

शास्त्रपाठ वाचायला परवाना लागत नाही. शुभवर्तमानाआधीचे पाठ सामान्य सभासदांनीच वाचावेत अशी प्रार्थना-पुस्तकाची अपेक्षा आहे. मंडळीच्या प्रार्थना चालवणं, वेदीची तयारी (ऑल्टर गिल्ड), स्वागत, दानाची थैली फिरवणं, संडे स्कूल, हे सगळं खुलं आहे. शुभवर्तमान मात्र डीकन किंवा प्रीस्ट वाचतात.

बिशपचा परवाना लागतो तो अशा कामांना: नियमित उपासना चालवणं, उपदेश करणं, प्रभुभोजनात प्याला देणं, आजाऱ्यांकडे प्रभुभोजन नेणं, दृढीकरणासाठी शिकवणं, आणि पाळक नसलेल्या मंडळीची देखरेख. त्यासाठी प्रशिक्षण असतं. परवानाधारक साधारणतः दृढीकरण झालेला असावा, अपवाद बिशप ठरवतात. मुलं आणि दुर्बळ माणसं यांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. 'आम्ही काय चोर आहोत का?' असं म्हणून ते टाळू नका. मीही तशी कुरकुर केली होती, आणि पहिल्याच तासात गप्प झाले.

अडखळण्याबद्दल: पाठ आदल्या रात्री तीनदा मोठ्याने वाचा. यशयाची नावं अमेरिकनांनाही जमत नाहीत.

8. ताई, रविवार, दहा वाजलेत, लोक बसलेत आणि पाळक आलेच नाहीत. काय करू?

हा फोन मला खरोखर आला आहे, तोही चर्चच्या पायरीवरून. घाबरू नका. प्रभुभोजन होणार नाही, उपासना होईल.

प्रार्थना-पुस्तक उघडा आणि सकाळची प्रार्थना घ्या. ती सामान्य सभासदाला चालवता येते. परवाना नियमितपणे चालवणाऱ्यासाठी असतो. एक दिवसाच्या अडचणीत वॉर्डनने उभं राहायला हरकत नाही, पण बिशपच्या ऑफिसचं मार्गदर्शन आधीच माहीत असावं आणि सोमवारी त्यांना कळवावं. स्तोत्र, पाठ, विश्वासांगीकार, प्रार्थना, गीतं, सगळं होतं. उपदेशाच्या जागी छापील उपदेश वाचला तरी चालतो. स्वतःचं मन मोकळं करायला हा रविवार निवडू नका.

तीन ठिकाणी सांभाळा. भाकर आणि द्राक्षारसावर अभिषेकाची प्रार्थना तुम्ही म्हणायची नाही. शेवटी हात उंचावून आशीर्वाद द्यायचा नाही. आणि पापकबुलीनंतरची क्षमेची घोषणा. तिथे प्रीस्ट उभे राहून 'देव तुमच्यावर दया करो' म्हणतात. सामान्य सभासदाने गुडघ्यावरच राहून 'तुमच्या'च्या जागी 'आमच्या' म्हणायचं, असा छापील नियम आहे. एका सर्वनामात सगळी मर्यादा आली. मराठीत उपासना घेणाऱ्यांची इथे गंमत होते, कारण आपण 'आपल्यावर' म्हणतो आणि त्यात आदरार्थी 'तुमच्यावर'ही बसतं आणि 'तुम्हा-आम्हा सर्वांवर'ही. म्हणून मराठीत गुडघे टेकलेले असणं जास्तच महत्त्वाचं. शब्दात नाही कळलं तर अंगावरून कळावं.

आधीच्या रविवारची अभिषिक्त भाकर शिल्लक आहे, ती वाटू का? बिशपची परवानगी नसेल तर नाही.

9. सासरे अंथरुणाला खिळलेत. त्यांच्यासाठी प्रभुभोजन मी घरी नेऊ शकते का?

परवाना असेल तर हो (प्रश्न 7). त्याला युकरिस्टिक व्हिझिटर म्हणतात. रविवारच्या उपासनेतूनच छोटी पेटी घेऊन थेट घरी जायचं, वाटेत किराणा घ्यायला थांबायचं नाही. म्हणजे मंडळीच्या पंक्तीतला त्यांचा घास त्यांच्यापर्यंत त्याच दिवशी पोचतो. माणूस मृत्युशय्येवर असेल किंवा पापकबुली करायची असेल, तर मात्र पाळकांना बोलवा.

10. बाळ आयसीयूत आहे, पाळक पोचणार नाहीत. बाप्तिस्मा कोण देईल?

बाप्तिस्मा झालेली कोणतीही व्यक्ती. आई, मावशी, ख्रिस्ती नर्स, कोणीही. बाळाचं नाव घेऊन पाणी ओता आणि म्हणा, 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.' मग प्रभूची प्रार्थना. एवढं पुरेसं आहे आणि ते पूर्ण आहे. बाळ वाचलं तर पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा नाही, चर्चमध्ये त्याचा आनंदाने स्वीकार होतो. पाळकांना कळवून नोंदवहीत नोंद करून घ्या.

अंत्यविधीचंही विचारतात: प्रीस्ट मिळतच नसतील तर डीकन किंवा ले-रीडर (उपासना चालवणारा सामान्य सभासद) तो चालवू शकतात. लग्न मात्र सामान्य सभासदाला लावता येत नाही.

11. आमचे रेक्टर निवृत्त झाले. आता सगळं आमच्यावरच?

पहिलं काम, वॉर्डननी बिशपना लेखी कळवायचं. पॅरिशने तीस दिवस उपासनेची सोय केलीच नाही तर डायसिस स्वतः ती करते. मग शोध समिती बसते, पॅरिशची माहिती लिहिते, मुलाखती घेते. निवड व्हेस्ट्री करते, पण उमेदवाराचं नाव आधी बिशपकडे जातं आणि मत द्यायला त्यांना साठ दिवसांपर्यंत वेळ मिळतो. त्याआधी मत टाकून मोकळे होऊ नका.

या मधल्या काळात वॉर्डनचा जीव निघतो. माझा सल्ला एकच: या काळात वेदी हलवणं, गीतपुस्तक बदलणं असले उद्योग करू नका. नव्या रेक्टरवर आपली मर्जी आधीच लादून ठेवण्याचा मोह आपल्या लोकांना फार असतो.

12. रेक्टरांशी व्हेस्ट्रीचं पटत नाही. काढून टाकता येईल का? आणि मराठी भजन घ्यायला ते 'नाही' म्हणाले तर?

निवडून दिलं म्हणून काढता येतं, असं नाही. रेक्टरांना त्यांच्या मर्जीविरुद्ध व्हेस्ट्री काढू शकत नाही, आणि रेक्टरही व्हेस्ट्रीच्या संमतीवाचून राजीनामा देऊ शकत नाहीत. दोन्हीकडून कडी लागलेली असते. नातं मोडकळीला आलंच तर प्रकरण बिशपकडे जातं आणि त्याची कॅननमध्ये ठरलेली पद्धत आहे. गैरवर्तनाचा आरोप असेल तर तो याहून वेगळा रस्ता: डायसिसच्या इनटेक ऑफिसरकडे (तक्रारी स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याकडे) कोणीही तक्रार करू शकतं. तिथे व्हेस्ट्रीने आपलं न्यायालय भरवायचं नाही, आणि 'चर्चची अब्रू' म्हणून ती दाबायची तर मुळीच नाही.

भजनाचं: उपासना, संगीत आणि इमारतीचा वापर यांत रेक्टरांचा शब्द चालतो. व्हेस्ट्रीने ठराव करून भजन घुसवता येत नाही. पण मागता येतं. आम्ही रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन इंग्रजी अर्थासकट छापून दिलं, पेटी-तबल्यासह गायलं, आणि पुढच्या वर्षी रेक्टरांनी स्वतःच विचारलं.

13. पैशांच्या बाबतीत कुठे चुकतं?

विश्वासात. माझ्या एका जुन्या मंडळीत (नाव आणि गाव सांगत नाही) दान वर्षानुवर्षं एकच गृहस्थ मोजत. भले माणूस होते, चोरी झाली नाही. पण एकदा आकडा जुळला नाही आणि निर्दोष ठरवायला दुसरा साक्षीदारच नव्हता. ते पुन्हा चर्चला आले नाहीत. म्हणून दान दोघांनी मोजायचं, तेही एका घरातले नकोत. त्यात त्यांचंच संरक्षण आहे. हिशेबाची तपासणी दरवर्षी सक्तीची आहे आणि तिचा अहवाल 1 सप्टेंबरपर्यंत डायसिसला जातो. पॅरिशचा वार्षिक अहवाल 1 मार्चपर्यंत.

14. इमारत पॅरिशच्या नावावर आहे. मागची जागा विकली तर?

बिशप आणि डायसिसची स्टँडिंग कमिटी (बिशपची सल्लागार समिती) यांची लेखी संमती लागते. गहाण ठेवायलाही लागते. 1979 पासून कॅननमध्ये असंही आहे की पॅरिशची मालमत्ता संपूर्ण चर्च आणि डायसिस यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. पुढे काही पॅरिश चर्चमधून फुटून बाहेर पडल्या तेव्हा याच वाक्यावरून कोर्टात मोठे खटले झाले. महाराष्ट्रात मिशन कंपाउंडच्या जमिनींचं काय काय झालं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

15. पॅरिशच्या वर सामान्य सभासदाला काही आवाज आहे का? बायकांना?

आहे, आणि बायकांचा तो भांडून मिळवलेला आहे. दर तीन वर्षांनी जनरल कन्व्हेन्शन, म्हणजे संपूर्ण चर्चची महासभा, भरतं. त्याची दोन सभागृहं: बिशपांचं आणि डेप्युटींचं (डायसिसच्या प्रतिनिधींचं). प्रत्येक डायसिस चार पाळक आणि चार सामान्य सभासदांपर्यंत डेप्युटी पाठवते. महत्त्वाच्या ठरावावर पाळक आणि सामान्य सभासद यांची मतं वेगवेगळी मोजतात आणि दोन्हीकडे 'हो' आलं तरच ठराव पास होतो.

बायकांना डेप्युटी म्हणून बसू देणारी घटनादुरुस्ती 1967 मध्ये पुढे आली आणि 1970 मध्ये त्या रीतसर बसल्या. आज डेप्युटींच्या सभागृहाच्या अध्यक्षा जूलिया आयाला हॅरिस आहेत. 2022 मध्ये निवडून आल्या, आणि त्या पाळक नाहीत.

सभागृहात बसूनही हरायला होतं, हेही माहीत असावं. पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झालेले थर्गुड मार्शल हार्लेमच्या सेंट फिलिप्स चर्चच्या व्हेस्ट्रीवर होते. 1964 च्या कन्व्हेन्शनला ते डेप्युटी होते. अन्याय्य वंशभेदी कायदा मोडण्याचा हक्क मान्य करणारा ठराव डेप्युटींनी फेटाळला, तेव्हा ते उठून बाहेर पडले. आता चर्चच्या दिनदर्शिकेत 17 मे हा त्यांचा स्मरणदिन आहे.

16. तुम्ही इतकं करता, मग दीक्षा का घेत नाही?

हा प्रश्न अमेरिकन विचारत नाहीत, आपलेच लोक विचारतात. जणू वॉर्डन म्हणजे पाळक होण्याआधीची इयत्ता. मला ती हाक आलेली नाही. ज्यांना आली आहे त्यांच्यासाठी: तुमच्या नावाची शिफारस मंडळीकडून जावी लागते आणि त्या पत्रावर पाळकांबरोबर व्हेस्ट्रीच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांच्या सह्या लागतात. तेव्हा व्हेस्ट्रीतल्या लोकांशी आतापासून नीट वागा. माझ्यासमोर आजवर अशी दोन पत्रं आली. एकावर मी सही केली.